कॉलेजचा प्रोजेक्ट एखाद्या संस्थेसाठी करताय? ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी, पहिल्या पत्रापासून हँडओव्हरपर्यंत

कळव्यातल्या एका छोट्या संस्थेत आमचा पाच जणांचा ग्रुप पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या ताईंनी आधी पाणी दिलं आणि मग स्वतःच्या मोबाईलवर एक लिंक उघडून दाखवली. "तुमच्या आधी मुलं आली होती ना, त्यांनी हे करून दिलेलं. छान चालत होतं, आता उघडतच नाही." स्क्रीनवर इंग्रजीत येत होतं की अशी फाईलच नाही. ज्या मुलाच्या कॉलेजच्या आयडीवर ती शीट होती तो पास होऊन गेला, आयडी बंद झाला आणि संस्थेच्या अख्ख्या वाचनालयाच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. ताई परत वहीवर आल्या, आणि तरीही त्यांनी आम्हाला आत घेतलं, वेळ दिला, हे मला अजून आठवतं.

म्हणून हे लिहितेय. सेकंड इयरला फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंटचा विषय लागला की वर्गात नुसती धावपळ होते, कुणाला काहीच माहीत नसतं, सीनियर सांगतात "कुठूनतरी सर्टिफिकेट आण आणि मोकळा हो". तसं करू नका. मी जे वर्षभरात शिकले ते क्रमाने सांगते.

१. आधी स्वतःच्या कॉलेजचा कागद नीट वाचा

नवीन शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग असे वेगवेगळे प्रकार आलेत आणि आपण सगळ्याला सरसकट प्रोजेक्ट म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुमचा कुठला आहे ते बघा, किती क्रेडिटचा ते बघा. एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटचा असेल तर ६० तास.

आता हे तास कसे मोजणार ते गाईडना (प्रोजेक्ट बघणाऱ्या प्राध्यापकांना) पहिल्याच आठवड्यात विचारा: प्रवास धरतात का, घरी बसून केलेलं काम धरतात का, आणि तास ग्रुपचे मिळून की प्रत्येकाचे वेगळे. आमच्याच वर्गातल्या एका ग्रुपने पाच जणांचे मिळून ६० तास भरले होते आणि शेवटच्या आठवड्यात कळलं की प्रत्येकाचे ६० हवेत. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर तिथले वर्षाचे १२० तास वेगळे आहेत, तेच तास इकडे परत दाखवू नका, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन्ही डायऱ्या समोर ठेवल्या की तारखा जुळतात आणि मग उत्तर देता येत नाही.

२. संस्था शोधताना नाव नाही, अंतर बघा

सगळ्यांना मोठ्या नावाची संस्था हवी असते कारण सर्टिफिकेट छान दिसतं. पण ६० तास म्हणजे दर वेळी दोन तास थांबलात तर तीस फेऱ्या, हे आधी डोक्यात घ्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मुलीने बेलापूरची संस्था घेतली तर तिचा निम्मा दिवस रस्त्यात जाणार. ट्रान्स हार्बर लाईनवर राहत असाल तर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सोपं पडतं, ठाण्यातल्या मुलांना कळवा, विटावा, वागळे, कोपरी. रेल्वेचा स्टुडंट कन्सेशनचा पास घर ते कॉलेजच्या स्टेशनपर्यंतचाच असतो, प्रोजेक्टच्या जागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तोही खर्च धरा. आणि रविवारच्या भेटी ठरवल्या असतील तर शनिवारी मेगाब्लॉक बघितल्याशिवाय संस्थेला वेळ सांगू नका. आम्ही एकदा ठाणे स्टेशनवर दीड तास अडकलो आणि तिकडे मुलं आमची वाट बघत बसली होती.

संस्था म्हणजे फक्त एनजीओ नाही. बचत गट, हाऊसिंग सोसायटी, महापालिकेची शाळा, सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळं चालतं, फक्त कॉलेज काय मान्य करतं ते विचारून घ्या. ट्रस्ट असेल तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, लेटरहेडवर बहुतेक असतोच.

कुणी "इतके पैसे भरा, यायची गरज नाही, सर्टिफिकेट देतो" म्हणालं तर तिथून निघा. मी हे ऐकलंय, आणि जी मुलं त्यात गेली त्यांना व्हायवाला संस्थेचा पत्ताही सांगता आला नव्हता.

३. कागदपत्रं आणि पोच

पहिल्या भेटीआधी एवढं फाईलमध्ये पाहिजे:

- कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांची सही आणि शिक्का, दोन प्रती
- ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं, रोल नंबर, एकाचा फोन नंबर
- कॉलेज आयकार्डच्या झेरॉक्स
- तासांची नोंद ठेवायचा तक्ता, त्यात संस्थेच्या माणसाच्या सहीचा रकाना
- संमतीपत्राचा नमुना, मराठीत (यावर खाली सांगते)

पत्राच्या दोन प्रती का, तर एक तिथे द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. छोट्या संस्थेत सही आणि तारीख पुरते. पण महापालिकेशी संबंधित काही असेल तर आवक विभागात पत्र द्या, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, तो क्रमांक नसेल तर आठ दिवसांनी तुम्ही विचारायला गेलात की "कुठलं पत्र?" इथूनच सुरुवात. पालिका शाळेत काम करायचं असेल तर मुख्याध्यापक कितीही चांगले असले तरी त्यांच्या तोंडी होकारावर थांबू नका, शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते का ते त्यांनाच विचारा आणि लागत असेल तर त्याला वेळ धरा. ठाणे महापालिकेचं मुख्यालय पाचपाखाडीला, नवी मुंबईचं बेलापूरला. जाताना पत्राची पोच बरोबर ठेवा.

४. पहिल्या भेटीत काही सुचवू नका

माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि आम्ही नेमकी हीच चुकवली. आम्ही जातानाच ठरवून गेलो होतो की मोबाईल ॲप करायचं. ताई बोलत होत्या आणि आमचा एक जण वहीत स्क्रीनची चित्रं काढत होता. पहिला महिना त्यातच गेला, ॲपचं लॉगिन पेज झालं, आणि ताईंच्या फोनमध्ये ते टाकायला जागाच नव्हती.

मग एका संध्याकाळी ताईंनी त्यांची जुनी वही काढली. पुस्तकाचं नाव, मुलाचं नाव, दिल्याची तारीख, आणि पंधरा दिवस होऊन गेले की त्या लाल पेनाने समोर रेघ मारायच्या. म्हणाल्या, "मला एवढंच पाहिजे गं, ही लाल रेघ आपोआप यावी. मला दर रविवारी सगळी वही चाळायला लागते." एवढंच होतं. एक शीट, चार रकाने, आजच्या तारखेतून दिल्याची तारीख वजा करून पंधराच्या वर गेलं की ओळ लाल. हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर महिना वाचला असता.

तर विचारायचं काय? मला उपयोगी पडलेले प्रश्न असे: आत्ता हे काम कसं करता, वही दाखवाल का? यात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? हे काम कोण करतं, ते आलं नाही तर कोण करतं? आधी विद्यार्थी आले होते का, त्यांनी केलेलं अजून चालू आहे का, नसेल तर का बंद पडलं? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. आणि तिथे काम चालू असताना एक दिवस नुसतं बसा. संस्थेची माणसं पाहुण्यांसमोर अडचणी सांगत नाहीत, पण तासभर कोपऱ्यात बसलं की दिसतात.

५. ठरलेलं एका पानावर लिहून घ्या

चर्चा झाली, सगळे खूश, आणि महिन्याने संस्थेचे अध्यक्ष म्हणतात की वेबसाईट पण करणार होतात ना. त्यांचं चुकत नाही, त्यांना कुणीतरी तसं बोललेलं असतं. म्हणून साध्या मराठीत एक पान लिहा: आम्ही काय करून देणार, काय करणार नाही, कधीपर्यंत, संस्थेकडून आम्हाला काय लागेल, दोन्हीकडून बोलायला एकच माणूस कोण. त्यावर सही घ्या आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पण टाका. 'काय करणार नाही' हे लिहायला अवघड वाटतं पण लिहाच. आम्ही लिहिलं होतं की जुन्या नोंदी फक्त चालू वर्षाच्या भरून देऊ, नाहीतर आठ वर्षांच्या वह्या टाईप करत बसलो असतो.

कॉलेज आणि संस्थेत एमओयू (सामंजस्य करार) असेल तर तो वाचा, पण तो वरच्या पातळीवरचा कागद असतो, तुमचं काम त्यात नसतं.

६. कॅलेंडर समोर ठेवून उलटं मोजा

पहिलं सेमिस्टर जुलैला सुरू झालं असं वाटतं, प्रत्यक्षात पत्र-परवानगीत ऑगस्ट येतो. मग गणपती. आपल्याकडे निम्मी माणसं गावाला जातात, संस्थेच्या ताई कोकणात आणि तुमचे ग्रुपमधले दोघे पण कोकणात. मग नवरात्र, मग परीक्षा, मग दिवाळी. हातात खरे सहा-सात आठवडे असतात. दुसऱ्या सेमिस्टरला मार्चमध्ये संस्थांचा हिशेब बंद करायची गडबड असते, तेव्हा त्यांना सही मागायला गेलात तर त्यांच्याकडे वेळ नसणार.

विषयाचं पण कॅलेंडर असतं. माझ्या मैत्रिणीच्या ग्रुपने ऐरोलीकडच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंवर शाळेच्या मुलांसाठी माहितीफलक करायचा ठरवला, विषय खरंच सुंदर, ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो) पण मिळाला. पण यांनी जुलैत सुरू केलं आणि फ्लेमिंगो येतात हिवाळ्यात, पावसाळ्यात तिथे बघायला काय मिळणार? शेवटी त्यांनी फलक खारफुटीवर केला आणि पक्ष्यांचं पुढच्या बॅचला दिलं.

हाऊसिंग सोसायटी घेतली असेल तर अजून एक. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि त्यात कधी कधी कमिटीच बदलते. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खताचा प्रोजेक्ट असाच अर्ध्यात अडकला, जुने सेक्रेटरी गेले, नव्यांना काही माहीत नव्हतं. तुमचं ते एक पान कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवायला सांगा म्हणजे ते इतिवृत्तात येईल आणि माणूस बदलला तरी कागद राहील.

७. लोकांची माहिती आणि मुलांचे फोटो

कॉलेजला जिओटॅग फोटो लागतात, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, सगळं फोटोवर छापलेलं. आता विचार करा, एखाद्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी सहाला लहान मुली येतात आणि तुम्ही त्यांचे चेहरे, जागा आणि वेळ असलेला फोटो इन्स्टाला टाकता. मुळीच करू नका. फोटो मागून काढा, हात आणि वह्या दिसतील असा काढा, कॉलेजला द्या, संपलं. संस्थेला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, विचारून पण मुलांचे चेहरे टाकू नका असंच मी म्हणेन.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरलाय आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती पाहिजे असं म्हटलंय. आपण छोटे विद्यार्थी, आपल्याला कोण विचारतंय असं वाटतं, पण ज्या आईने विश्वासाने नंबर दिला तिच्यासाठी तरी नीट वागलं पाहिजे. लागतं तेवढंच विचारा. सर्व्हेत आधार नंबर, जात, उत्पन्न हे 'असू दे' म्हणून घालू नका. संमतीपत्र मराठीत असू दे, वाचून दाखवा, आणि नाही म्हटलं तर हसून पुढे जा. भरलेले फॉर्म ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत.

८. प्रत्यक्ष काम: संस्थेच्या फोनवर, संस्थेच्या खात्यावर

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉलेजच्या ईमेल आयडीवर काहीही बनवू नका. कॉलेजच्या खात्यावरची ड्राईव्हची फाईल शेअर करता येते पण तिची मालकी बाहेरच्या जीमेलवर देताच येत नाही, त्यामुळे 'शेवटी ट्रान्सफर करू' हे होणार नाही. सुरुवातीलाच संस्थेचं जीमेल खातं लागतं. नसेल तर संस्थेतल्या माणसाच्या शेजारी बसून, त्यांच्या नंबरवर ओटीपी घेऊन काढा. तुमचा नंबर रिकव्हरीला टाकलात तर सहा महिन्यांनी ताई तुम्हाला ओटीपी विचारायला फोन करणार आणि तुम्ही लेक्चरमध्ये असणार. पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्या हाताने लिहायला सांगा. खातं अधूनमधून उघडायला पण सांगा, दोन वर्षं कुणी हातच लावला नाही तर गुगल ते बंद करू शकतं.

तारखांचा एक त्रास आम्हाला खूप झाला. शीटची भाषा-देश सेटिंग अमेरिकेचं असेल तर ५/७ ही तारीख ५ जुलै न धरता ७ मे धरली जाते. आमच्या शीटमध्ये एक दिवस सगळ्याच ओळी लाल झाल्या आणि ताई घाबरल्या. सेटिंगमध्ये जाऊन देश भारत करा, काम सुरू करायच्या आधी.

जुन्या मराठी फाईली. बऱ्याच संस्थांकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेलं असतं, ते तुमच्या लॅपटॉपवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात. फाईल खराब नाहीये, तो फॉन्ट युनिकोड (कुठल्याही फोन-लॅपटॉपवर मराठी नीट दिसतं ती पद्धत) नाहीये. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः माणसांची नावं. नवीन सगळं युनिकोडमध्येच करा, फोनवर मराठी कीबोर्ड घालून द्या, बोलून टाईप करता येतं ते दाखवा, आमच्या ताईंना तेच सगळ्यात आवडलं.

क्यूआर कोड करणार असाल तर फुकटच्या साईटवरचा 'डायनॅमिक' (आधी त्या साईटवर नेऊन मग तुमच्या लिंकवर पाठवणारा) घेऊ नका, काही दिवसांनी ट्रायल संपते आणि भिंतीवर चिकटवलेला कोड बंद पडतो. साधा स्टॅटिक, म्हणजे लिंक थेट कोडमध्येच असलेला, काढा, तो ब्राउझरमधूनच निघतो.

आणि जे काही कराल ते त्यांच्या फोनवर तपासा, तुमच्या लॅपटॉपवर नाही. वाय-फाय नसताना, संध्याकाळच्या गर्दीत, चष्मा लावून.

९. ग्रुपचं

कुणीतरी येणार नाहीच. भांडण्यापेक्षा पहिल्या आठवड्यापासून तक्त्यात ज्याचे तास त्याची सही ठेवा, कुणासाठी खोटी सही करू नका, दोन आठवडे कुणी आलं नाही तर गाईडना तेव्हाच सांगा. शेवटी सांगितलं तर ती तक्रार वाटते.

१०. हँडओव्हर शेवटच्या दिवशी नाही

सबमिशनच्या निदान तीन आठवडे आधी काम संस्थेच्या हातात द्या आणि तुम्ही हात मागे घ्या. त्यांना वापरू दे, तुम्ही फक्त बघा. आम्ही असं केलं तेव्हा कळलं की ताई पुस्तक परत आलं की ओळ पुसून टाकतात, म्हणजे महिन्याभरात कुठलं पुस्तक किती मुलांनी वाचलं ते कळणारच नाही. मग 'परत आल्याची तारीख' असा पाचवा रकाना घातला. हे आमच्या टेस्टिंगमध्ये कधीच सापडलं नसतं.

दोन माणसांना शिकवा, एकाला नाही. एक मराठी पान लिहा, त्यात कसं उघडायचं, नवीन नोंद कशी करायची, काही बिघडलं तर काय करायचं, आणि ते प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमचं पान अजून तिथे आहे. महिन्याला एकदा शीटची प्रिंट काढून वहीत लावायला सांगा, लाईट नसते, फोन हरवतो, वही लागतेच. जुनी वही बंद करा असं कधी म्हणू नका.

११. सर्टिफिकेट, रिपोर्ट, व्हायवा

सर्टिफिकेटचा मजकूर तुम्हीच टाईप करून न्या, नावांची स्पेलिंग मार्कशीटप्रमाणे, तारखा कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, संस्थेचं लेटरहेड, सही, गोल शिक्का. सही करणारे विश्वस्त आठवड्यातून एकदाच येत असतील तर तो वार आधी विचारून ठेवा, सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाच्या घरी जाऊन बेल वाजवायची वेळ येऊ देऊ नका.

रिपोर्टमध्ये इंटरनेटवरची संस्थेची माहिती दहा पानं भरण्यापेक्षा आधी काय होतं, काय बदललं, काय जमलं नाही हे लिहा. आम्ही ॲपचा गेलेला महिना पण लिहिला आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त त्यावरच विचारलं. तासांचा तक्ता, पोच, संमतीपत्राचा कोरा नमुना मागे जोडा, भरलेली संमतीपत्रं जोडू नका, त्यात लोकांचे नंबर असतात, ती संस्थेकडे ठेवा.

रिपोर्टची एक प्रत संस्थेला द्या. कॉलेजला बाइंडिंग लागतं, संस्थेला स्पायरल चालतं. शक्य असेल तर दोन पानांचा मराठी सारांश वेगळा द्या कारण रिपोर्ट बहुतेक इंग्रजीत असतो आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच तो वाचता येत नाही. त्यातच पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवा की काय अर्धं राहिलंय आणि फाईल कुठल्या खात्यावर आहे.